मोठ्या बाबांना न सांगितलेलं एक वाक्य

मला टीबी झाला होता. आता मी बरी आहे. वजन परत आलंय, पाड्यावरचा चढ चढताना दम लागत नाही. हे लिहायचं ठरवलं ते या आजाराने घाबरलेल्या कुणाला धीर यावा म्हणून. पण लिहायला बसले की धीराच्या आधी राग येतो. बरेच दिवस तो गिळून पाहिला, गिळला जात नाही. म्हणून रागासकट लिहिते. ज्यांना नुसता धीर हवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: गोळ्या पूर्ण घ्या, हा आजार बरा होतो. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

माझं नाव रमिला. धडगावकडच्या डोंगरात एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका आहे. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत शिकले, पाठ करून आणि छड्या खाऊन. खाली नंदुरबारच्या बाजूला लोक अहिराणी बोलतात, ती बाजारात ऐकून ऐकून समजायला लागली. तीन भाषा येणारी सून म्हणून सासरी माझं फार कौतुक होतं. कुणाला तहसीलमध्ये जायचं असलं, बँकेत जायचं असलं की "रमिलाला ने." मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

फोटो उजेडाला धरला तेव्हा

खोकला दोन महिने होता. संध्याकाळी अंग तापायचं. अंगणवाडीतली पोरं "बाई, तुम्ही वाळल्या" म्हणायला लागली. सासूबाईंनी आधी बडव्याकडे, म्हणजे आमच्या भगताकडे, नेलं. त्याने दाणे टाकून पाहिले आणि कोंबडा मागितला. मी गेले, कारण न जाण्यावरून घरात जे वाजतं त्यापेक्षा जाणं सोपं होतं. मग एक दिवस श्वास घेताना उजव्या कुशीत अशी कळ आली की मी पोषण आहाराचा डबा हातातून सोडला. नवरा, सुरसिंग, मला जीपने खाली जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होते, नवीनच आलेले. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. त्यांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला, आणि मला पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला मराठी येतं ना?"

"येतं," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांचे खांदे खाली आले. माझा आजार मला सांगायच्या आधी त्यांनी माझी भाषा तपासून घेतली आणि सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं. मराठी आलं नसतं तर त्या खुर्चीत बसून मला काय कळलं असतं?

टीबी आहे, छातीत पाणी झालंय, भरती व्हावं लागेल. सुरसिंग माझ्याकडे बघेना, भिंतीवरच्या खोकणाऱ्या माणसाच्या चित्राकडे बघत राहिला. आमची मुलगी सहा वर्षांची. माझ्या मनात आधी तीच आली, की ती रोज माझ्या पांघरुणात झोपते. मी डॉक्टरांना विचारलं, तिला झाला असेल का? त्यांनी नीट समजावलं, घरातल्या सगळ्यांची तपासणी करू म्हणाले. मी विचारू शकले म्हणून उत्तर मिळालं. हे लक्षात ठेवा.

वॉर्डातले दिवस

पाठीत सुई घालून पाणी काढलं. पिवळसर, बाटलीभर. आपल्या आत एवढं पाणी होतं आणि आपण ते घेऊन घागरी उचलत होतो, याचं मला हसू आलं आणि हसल्यावर कळ आली.

गोळ्या सुरू करताना डॉक्टरांनी सांगितलं, "लघवीचा रंग लाल-केशरी होईल. तो औषधाचा रंग आहे, रक्त नाही. घाबरू नका." मी मान हलवली. तरी पहिल्या दिवशी संडासात खाली पाहिलं आणि भिंत धरली. सांगितलेलं होतं, समजलेलं होतं, तरी धरली. मग मनात डॉक्टरांचं वाक्य पुन्हा म्हटलं आणि बाहेर आले.

वॉर्डात सकाळी झाडू, मग गोळ्या, मग चहा, मग राऊंड, मग काही नाही. त्या "काही नाही"तच सगळी भीती असते. जेवण बेचव, पण पोट भरेल इतकं. आमच्या वॉर्डच्या मावशी साफसफाईची कामं संपली की माझ्या खाटेशी येऊन घरून आणलेलं उकडलेलं अंडं हातावर ठेवायच्या. "खाय वं, तुन्हा हाडं दिखी ऱ्हायनात," म्हणायच्या. ते अंडं मी विसरणार नाही. त्या दवाखान्यावर मी कितीही चिडले तरी मावशींवर चिडणार नाही.

"ताई, चला जरा"

तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. माझ्या हाताला सलाईन लावलेलं होतं. त्या म्हणाल्या, "तुले पावरी येस ना? पुरुष वॉर्डमा एक म्हातारा शे, काय सांगी ऱ्हायना ते आम्हले काहीच समजत नही. चाल बरं." मी सलाईनची बाटली दुसऱ्या हातात धरली आणि गेले. त्या माणसाचं दुखणं छातीत नव्हतं, कानात होतं. दोन दिवस तो कान दाखवत होता आणि दोन दिवस लोक त्याला खोकल्याचं विचारत होते.

त्या दिवसापासून मला सुट्टी राहिली नाही. "ताई, चला जरा." ताप असला तरी चला. जेवत असले तरी चला. माझं आजारपण माझं राहिलं नाही, ते सगळ्यांच्या कामाचं झालं. आणि मी जायचे, कारण न गेले तर काय होतं ते मला खाटेवरून ऐकू यायचं. पेशंटला कळत नसेल तर इथे आवाज वाढवतात. तेच मराठी, पण मोठ्याने. पेशंट घाबरून "हो" म्हणतो. डोंगरातून आलेल्या प्रत्येक माणसाला एक मराठी शब्द नक्की येतो, तो म्हणजे "हो". त्या एका "हो"वर गोळ्या दिल्या जातात आणि अंगठे घेतले जातात.

एकदा नर्मदेच्या काठावरून, मणिबेलीच्या बाजूने, एक बाई आली. आधी होडी, मग जीप, मग बस. तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी. मी सिस्टरांना म्हटलं, "मला हिचं अर्धंच कळतं."

सिस्टर म्हणाल्या, "आम्हले तर अर्धं बी नही कळत. तूच बोल."

अर्ध्यावर काम भागवलं. तिला दिवस गेले होते का, हे विचारायचं होतं. त्याआधी मी जागेवर नव्हते तेव्हा तेच विचारायला गेटवरच्या वॉचमनला बोलावलं होतं, कारण त्याला तिच्याकडची बोली येते. गणवेशातला, काठी घेतलेला परका पुरुष तिच्या खाटेशी उभा राहून तिला पाळीचं विचारत होता. बाईने तोंड पदरात घातलं ते काढलंच नाही. मग फाईलमध्ये लिहिलं गेलं, पेशंट सहकार्य करत नाही.

एक गोष्ट मला तेव्हापासून छळते. नंदुरबारच्या बाजारात एक औषधांचं दुकान आहे, मालक राजस्थानकडचे, तिसऱ्या पिढीचे. सुरसिंग माझ्या गोळ्यांबरोबर घ्यायचं टॉनिक तिथून आणायचा. त्या दुकानदाराला पावरी येते, भिली येते, आमच्याकडच्या कोकणा लोकांची कोकणी येते. डोंगरातलं माणूस दारात आलं की तो त्याच्या बोलीत "ये बस, काय होतंय?" विचारतो, कारण त्याला विकायचंय. बाजारातल्या कापडवाल्याला आमची भाषा येते, भांडीवाल्याला येते, जीपवाल्याला येते. ज्याला आमच्याकडून काही घ्यायचंय त्याने ती शिकून घेतली. ज्याने आम्हाला काही द्यायचं आहे त्याच्याकडे भाषेचं माणूस नाही.

मोठे बाबा

आता ज्याच्यासाठी हे लिहितेय तिथे येते.

माझ्यामुळे घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मुलगी सुटली, सासूबाई सुटल्या. सासऱ्यांच्या थोरल्या भावाला टीबी निघाला. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आमच्याच अंगणापलीकडे राहतात. घरात सगळे त्यांना मोठे बाबा म्हणतात. खोकताना रक्त पडलं म्हणून त्यांनाही भरती केलं, माझ्या समोरच्याच पुरुष वॉर्डात.

आमच्या घरात सून मोठ्या सासऱ्यासमोर पदर पुढे ओढते, तोंड बाजूला करते आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचं असेल तर तिसऱ्याला सांगते, नाहीतर दाराच्या चौकटीकडे बघून बोलते. नाव तर घेतच नाही. नोंदणीच्या टेबलावर "पेशंटचं नाव?" विचारलं तेव्हा मी पेन मागून कागदावर लिहून दिलं. टेबलामागचा माणूस हसला, "तोंड शे ना तुले?" म्हणाला. मी कागद पुढे सरकवला. इथेही मी त्यांचं नाव लिहीत नाहीये. कुणी याला अडाणीपणा म्हणेल. म्हणू दे. लग्न होऊन आल्यापासून हा मान मी पाळला, त्यांनीही पाळला. मी पाणी भरत असले तर ते वाट बदलून जायचे. आमच्यात प्रेम होतं ते असंच होतं, एकमेकांकडे न बघता.

त्यांच्या गोळ्या सुरू व्हायच्या दिवशी मला बोलावलं. समजावून सांगायला जो माणूस नेमलेला असतो तो रजेवर होता. असता तरी त्याला पावरी येत नाही. सुरसिंग त्या दिवशी मुलीला भेटायला गावी गेला होता. मी सिस्टरांना म्हटलं, "हे माझे मोठे सासरे आहेत. मला यांच्याशी असं बोलता येत नाही. दुसरं कुणी बघा."

"दुसरं कोण शे आठे?" सिस्टर म्हणाल्या. "पाच मिनिटनं काम शे, वं. घरनं माणूस शे तर जास्त चांगलं."

घरचं माणूस आहे तर जास्त चांगलं! हे वाक्य मी नंतर कितीदा आठवलं. सगळ्यांना असंच वाटतं. मलाही तेव्हा वाटलं की त्या म्हणतात ते बरोबर असेल.

मोठे बाबा खाटेवर बसलेले. मी पदर नाकापर्यंत ओढून खाटेच्या पायथ्याशी, खिडकीकडे तोंड करून उभी. डॉक्टर मराठीत सांगायला लागले आणि मी खिडकीला पावरीत सांगायला लागले. रोज गोळ्या घ्यायच्या. सहा महिने. बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. दारू बंद. मोठे बाबा खाली बघून "हं, हं" करत होते. आणि मग डॉक्टर म्हणाले, "लघवी लाल होईल, रक्तासारखी दिसेल, पण ते रक्त नाही, घाबरून औषध सोडू नका, असं सांगा."

माझं तोंड उघडलंच नाही. सासऱ्याच्या लघवीबद्दल सून बोलते आहे, भरल्या वॉर्डात, आजूबाजूला आमच्याच भागातले चार पुरुष बसलेत, हे मला जमलंच नाही.  मी म्हटलं, "औषध गरम असतं, थोडा त्रास होईल, सोडू नका."

डॉक्टर बराच वेळ बोलले होते आणि मी एवढंसं बोलले. त्यांनी विचारलं, "सांगितलं ना सगळं?"

"हो," मी म्हटलं.

एका कागदावर माझी सही घेतली आणि मी माझ्या खाटेवर परत आले. मनाला समजावलं की सुरसिंग आला की त्याला सांगू, तो बाबांना सांगेल. तो दुसऱ्या दिवशी आला. त्याच दिवशी मला पुन्हा ताप चढला, पुन्हा सुई घातली, आणि माझ्या डोक्यातून ते गेलं. कारण देत नाही. गेलं म्हणून सांगते.

सगळं ठीक

त्यानंतर मोठे बाबा पाच दिवस वॉर्डात होते. मी येता-जाता दाराशी थांबून, आत न बघता विचारायचे, "ठीक आहे का?" आतून आवाज यायचा, "ठीक." रक्त पडायचं थांबलं आणि त्यांना गोळ्यांची पाकिटं देऊन घरी पाठवलं. पंधरा दिवसांनी मीही आले.

घरी आल्यावरचं वेगळंच. सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलं, गोळ्या सुरू झाल्यावर तसं करायची गरज नाही हे सांगूनही. मुलगी उंबऱ्यापलीकडून हात हलवायची. तिला आजीने तसं शिकवलं होतं. मी एकदा त्यावरून इतकी ओरडले की शेजारचे बाहेर आले. मग माझं वजन वाढायला लागलं, सुरसिंग हसायला लागला, आणि एक दिवस मुलगी स्वतःहून येऊन मांडीवर बसली. 

मोठे बाबा मात्र वाळत चालले. दर आठवड्याला खालून आरोग्यसेवक यायचा, कोरीट गावाकडचा, चांगला पोरगा, पण अहिराणी बोलणारा. "बाबा, गोळ्या चालू शेत ना?" मोठे बाबा म्हणायचे, "हो." तो वहीत खूण करून पुढच्या पाड्याला जायचा.

तिसऱ्या महिन्यात ते अंगणात पडले. तोंडातून पुन्हा रक्त. सुरसिंग त्यांचे कपडे घ्यायला त्यांच्या घरात गेला आणि बांबूच्या टोपलीत, मक्याच्या कणसांखाली, त्याला गोळ्यांची पाकिटं सापडली. एकही फोडलेलं नाही.

त्याने त्यांना विचारलं. पुरुषाने पुरुषाला विचारलं तेव्हा ते लगेच बोलले. दवाखान्यात दुसऱ्याच दिवशी लघवीतून रक्त गेलं, ते म्हणाले. आधी तोंडातून जात होतं, आता खालून जायला लागलं. हे औषध आतून कापतंय. तिसऱ्या दिवसापासून ते गोळ्या गालात धरायचे आणि सिस्टर वळल्या की धोतराच्या सोग्यात बांधायचे. दोन दिवसांत लघवी साफ झाली. म्हणजे त्यांच्या हिशोबाने ते वाचले होते.

सुरसिंग मला येऊन म्हणाला, "असं होतं का गं? लाल होते का?"

"होते," मी म्हटलं.

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं. डॉक्टरांनी सांग म्हणून सांगितलं होतं. मी सांगितलं नाही."

 तो म्हणाला, "मला तरी सांगायचंस." आणि जीप बघायला गेला. त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. सासूबाईंनी मात्र कसर ठेवली नाही. शिकलेली सून, तीन भाषांची सून, आणि घरच्या म्हाताऱ्याला मारायला निघाली. मी ऐकून घेतलं. त्यात खोटं काय होतं?

माझी चूक, आणि तुमची

मी माझी चूक मानते. ती कुणावर ढकलत नाही. पण माझ्या वाट्याची मानून झाल्यावर जी उरते ती मी एकटीने उचलणार नाही.

मी पेशंट होते. माझ्या छातीत पाणी होतं. मला ज्या कामाला लावलं ते काम आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. दोन भाषा येणं म्हणजे हे काम येणं नव्हे. समोरचा बोलला ते सगळं सांगायचं, कमी नाही, जास्त नाही. ऐकणाऱ्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. नाही कळलं तर पुन्हा विचारायचं. बाहेर कुठे बोलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, हे करणारं माणूस नात्यातलं नको. नात्यातलं माणूस लाजतं, घाबरतं, वाईट बातमी दडवतं, आपल्या सोयीचं सांगतं. नवरा बायकोसाठी बोलतो तेव्हा बायकोचं दुखणं त्याला हवं तेवढंच होतं. हे मी वॉर्डात रोज पाहिलं. रक्त तपासायला शिकलेलं माणूस लागतं. फोटो काढायला शिकलेलं माणूस लागतं. गेटवर उभं राहायलासुद्धा नेमलेलं माणूस लागतं. फक्त बोलायला कुणीही चालतं, वॉचमन चालतो, सलाईन लावलेली बाई चालते.

आमच्या पाड्यापाड्यांवर बारावी झालेल्या मुली घरी बसून आहेत. पावरीतल्या, भिलीतल्या, कोकणीतल्या. त्यांना शिकवा, ओळखपत्र द्या, पगार द्या, दवाखान्यात खुर्ची द्या. हे मी दवाखान्यात अर्ज करून लिहून दिलं. "वर पाठवतो" म्हणाले. वर म्हणजे कुठे, हे मला तिन्ही भाषांत कळलेलं नाही.

आणि तुम्ही आजारी असाल, मराठी येत नसेल, तर माझं ऐका. समजलं नाही तर "हो" म्हणू नका. मान आडवी हलवा. दहा वेळा हलवा. चिडतील, चिडू द्या.

परका माणूस

मोठे बाबा जगले. हे आधी सांगते, म्हणजे तुम्ही जीव मुठीत धरून बसणार नाही. डावीकडचं फुप्फुस जवळजवळ गेलं. दवाखान्यातून आल्यावर ते अंगणात बसून असतात. वरच्या उतारावरचं त्यांचं शेत त्यांना बसल्या जागेवरून दिसतं. तिथवर आता त्यांना चालत जाता येत नाही.

त्यांना जीपने खाली नेलं त्या दिवशी मीही गेले. तेच डॉक्टर होते. त्याच सिस्टर. सिस्टरांनी फाईल उघडून मला दाखवली. "आठे लिखेल शे ना, पेशंटला त्याच्या भाषेत समजावून सांगितले. ही तुन्हीच सही शे." सही माझीच होती. अक्षर चांगलं आहे माझं, आश्रमशाळेचं. मी म्हटलं, "हे खोटं आहे. सही माझी आहे आणि लिहिलंय ते खोटं आहे." सिस्टरांनी फाईल मिटली.

डॉक्टर थकलेले दिसत होते. ते म्हणाले, "ताई, त्यांना विचारा, औषध का सोडलं?"

मी स्टूल ओढलं आणि मोठ्या बाबांच्या समोर बसले. पदर डोक्यावरून खाली सोडला. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. डाव्या भुवईवर त्यांना जुना व्रण आहे, हे मला माहीत नव्हतं. सुरसिंग मागे उभा होता. त्याने मला थांबवलं नाही.

मी म्हटलं, "बाबा, लघवी लाल होते ती गोळीच्या रंगाने. ते रक्त नाही. माझीही झाली होती. डॉक्टरांनी हे मला तेव्हाच तुम्हाला सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. मला लाज वाटली."

आजूबाजूच्या खाटांवरचे लोक ऐकत होते. ऐकू दे, म्हटलं. मोठ्या बाबांनी श्वास गोळा केला. मग तेही माझ्याकडे बघून बोलले.

"मला दिसलं होतं, पोरी. डॉक्टर पुष्कळ बोलला आणि तू थोडं बोललीस. काहीतरी राहिलं हे मला तेव्हाच कळलं. पण सुनेला असलं कसं विचारू? परका माणूस असता तर विचारलं असतं." त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी वाट पाहिली. मग त्यांनी हात उचलून सगळा वॉर्ड दाखवला, खाटा, खिडक्या, बाहेरचा लांब व्हरांडा. "एवढा मोठा दवाखाना. आपलं बोलणं समजणारा एकही परका माणूस नव्हता का यांच्याकडे?"

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. एकही शब्द न गाळता, मराठीत, जसंच्या तसं. शेवटचा प्रश्नही सांगितला. डॉक्टरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी हातातल्या फाईलकडे पाहिलं. मोठे बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, मी आता काय सांगते म्हणून. मी थांबून राहिले. उत्तर आलं असतं तर तेही मी त्यांना पावरीत सांगितलं असतं.